‘सायको २’च्या पडद्यामागे: २२ वर्षांनी तेच घर, तोच माणूस

भुतांची आम्हाला टंचाई नाही. सिंधुदुर्गात गावागणिक देवचार आहे, खाडीत गिऱ्हा आहे, तिठ्यावर आणखी कोणी ना कोणी आहेच. पण या मंडळींशी बोलता येतं. नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, काहीतरी तोड निघते. स्लॅशर भयपटात ती सोय नसते. तिथे भूत नाही. हाडामांसाचा माणूस आहे, त्याच्या हातात सुरा आहे आणि तो एकेकाला गाठून मारतोय. मारणारा कोण, हे अनेकदा शेवटपर्यंत झाकलेलं असतं. या प्रकाराची व्याख्या एवढीच.

अल्फ्रेड हिचकॉकचा १९६० सालचा ‘सायको’ हा या घराण्याचा मूळपुरुष. हमरस्त्यापासून बाजूला पडलेलं मोटेल, मागच्या टेकडीवर जुनं घर, मोटेल चालवणारा लाजराबुजरा नॉर्मन बेट्स आणि घरातून ऐकू येणारा त्याच्या आईचा आवाज. आई कधीच मेलेली असते आणि तिचे कपडे घालून खून करणारा नॉर्मनच असतो, हे रहस्य आता कोणापासून लपलेलं नाही, म्हणून इथे सरळ सांगून टाकलं. १९८३ साली याचा दुसरा भाग आला. ‘हिचकॉकच्या सिनेमाचा दुसरा भाग’ म्हटलं की जाणकार नाक मुरडतात, आणि नव्या पिढीला तो निघाला होता हेच माहीत नसतं. मला मात्र तो शिकण्यासारखा वाटतो. दुसरा भाग काढताना बहुतेक निर्माते प्रेक्षकाने पहिला भाग पाहिलाय याकडे अडचण म्हणून बघतात. इथे त्या आठवणीलाच कामाला जुंपलंय. पडद्यामागच्या ज्या गमती पुढे येतील, त्या सगळ्या याच एका गोष्टीशी जोडलेल्या आहेत.

आधी हा भाग निघाला कसा ते थोडक्यात. १९७८ साली ‘हॅलोवीन’ नावाचा चित्रपट तीन-सव्वातीन लाख डॉलरांत तयार झाला आणि त्याने कोट्यवधी कमावले. १९८०मध्ये ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला, आणि मग सुरेवाल्यांची रांगच लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हिचकॉक वारला. १९५९ साली मूळ कादंबरी लिहिणाऱ्या रॉबर्ट ब्लॉकने १९८२मध्ये स्वतःच तिचा दुसरा भाग लिहिला. त्यात नॉर्मन ननच्या वेशात वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि गोष्ट थेट हॉलिवूडला पोहोचते, जिथे त्याच्याच प्रकरणावर सिनेमा निघत असतो. ब्लॉकने त्यात रक्तबंबाळ चित्रपटांची यथेच्छ टिंगल केली होती. युनिव्हर्सल स्टुडिओला ती रुचेल कशी? त्यांनी कादंबरी बाजूला ठेवली आणि वेगळी गोष्ट लिहून घेतली. नाव तेवढं दोन्हीचं एकच राहिलं.

इथे एक गोंधळ असतो, तो दूर करू. १९६०चा चित्रपट पॅरामाउंट कंपनीचा होता, पण चित्रीकरण झालं युनिव्हर्सलच्या आवारात. हिचकॉकने आपल्या दूरदर्शन मालिकेची माणसं घेऊन आठ लाख डॉलरांच्या आसपास तो उरकला होता. पुढे हक्क युनिव्हर्सलकडे आले. म्हणजे २२ वर्षांनी युनिव्हर्सलच्या हातात हक्क होते आणि टेकडीवरचं ते घरही त्यांच्याच आवारात उभं होतं. सुरुवातीला बेत अगदी छोटा होता, केबल टीव्हीपुरता चित्रपट काढायचा. अँथनी पर्किन्सने, म्हणजे मूळ नॉर्मनने, आधी नकारच दिला. पटकथा वाचल्यावर तो तयार झाला, आणि तो येतोय म्हटल्यावर मामला मोठ्या पडद्यावर गेला.

ती पटकथा टॉम हॉलंडची. पुढे ‘चाइल्ड्स प्ले’मधला सुरेवाला बाहुला पडद्यावर आणणारा दिग्दर्शक तो हाच. दिग्दर्शक होता रिचर्ड फ्रँकलिन, ऑस्ट्रेलियन माणूस. कॅलिफोर्नियात सिनेमा शिकत असताना त्याने हिचकॉकला विद्यापीठात बोलायला बोलावलं होतं, इतका तो भक्त. निर्माता हिल्टन ग्रीन हा १९६०च्या चित्रपटात हिचकॉकचा सहायक दिग्दर्शक होता. आणि कॅमेरा डीन कंडीकडे, म्हणजे ज्याने ‘हॅलोवीन’ चित्रित केला त्याच्याकडे.

कंडीपाशी जरा थांबू, कारण इथे नात्यांचा गुंता भारी आहे. ‘हॅलोवीन’ची नायिका जेमी ली कर्टिस. तिची आई जॅनेट ली, म्हणजे ‘सायको’त न्हाणीघरात मारली गेलेली मॅरियन. ‘हॅलोवीन’मधल्या डॉक्टरचं नाव सॅम लूमिस, आणि ते ‘सायको’तल्या मॅरियनच्या प्रियकराच्या नावावरून उचललेलं. फ्रँकलिनने ‘सायको २’च्या आधी केलेल्या ‘रोडगेम्स’मध्येही जेमी ली कर्टिस होतीच. म्हणजे ‘सायको’वरून ‘हॅलोवीन’ शिकला, आणि ‘हॅलोवीन’चा कॅमेरा परत ‘सायको’च्या दारात आला. आमच्याकडे लग्नात नाती सांगतात तशी ही नाती सांगत बसलं तर जेवणाची पंगत उठेल, म्हणून पुढे सरकतो.

खरी मौज घराची.

वेंगुर्ल्याचे आमचे एक काका आहेत, आयुष्यभर दशावतार बघत आलेले. त्यांना हा चित्रपट दाखवला तेव्हा त्यांनी खून, रक्त यांबद्दल एक शब्द काढला नाही. पहिला प्रश्न: “तां घर खरां आसा काय रे?”

“नाय ओ काकानू. फुडसून घर, पाठसून नुसती लाकडां.”

“मगे पावसात काय करतत?”

प्रश्न अगदी कोकणातला, पण रास्त. १९६०च्या चित्रपटासाठी बांधलेल्या त्या घराला समोरची बाजू आणि डावी बाजू, एवढंच होतं. कॅमेऱ्याला जेवढं दिसणार तेवढंच बांधायचं, हा स्टुडिओचा हिशेब. त्याचं रूप एडवर्ड हॉपर या चित्रकाराच्या १९२५च्या ‘हाउस बाय द रेलरोड’ या चित्राशी जुळतं. आतला जिना, आईची खोली, तळघर यांतलं काहीही त्या घरात नव्हतं. ते सगळं बंदिस्त स्टुडिओत वेगळं उभारलेलं. नॉर्मन बाहेरून दार उघडतो आणि आत पाऊल टाकतो, त्या एका पावलात तो प्रत्यक्षात दुसऱ्याच इमारतीत पोहोचलेला असतो. मधला सांधा संकलनाच्या टेबलावर जुळवतात. आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतला वाडा आकेरी गावात खराखुरा उभा आहे, लोक वाट वाकडी करून तो बघायला जातात. बेट्सच्या घरालाही असेच प्रेक्षक लाभले, पण ते यायचे स्टुडिओच्या सहलीच्या गाडीत बसून. युनिव्हर्सलने १९६४ साली ही सहल सुरू केली, आणि घर टिकून राहायला ते एक मोठं कारण ठरलं. जे तिकिटं विकतं ते पाडत नाहीत.

दुसरं कारण काकांच्या प्रश्नात आहे. लॉस एंजेलिसला वर्षाकाठी साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस पडतो. सिंधुदुर्गात तो ३००० मिलिमीटरच्या वर जातो. हीच फळ्यांची भिंत शिरोड्याला उभी केली असती, तर दोन पावसाळ्यांत वाळवी आणि बुरशी यांनी मिळून नॉर्मनला बेघर केलं असतं.

घर टिकलं, मोटेल मात्र राहिलं नव्हतं. ते नव्याने बांधावं लागलं. शिवाय घर मूळ टेकडीवरून हलवून दुसऱ्या जागी नेलेलं होतं. आता अडचण बघा. प्रेक्षकाच्या डोक्यात एक चित्र पक्कं आहे: खाली मोटेलची बैठी ओळ, वर घर, आजूबाजूला कोणी नाही. प्रत्यक्षात कॅमेरा जरा वळवला की स्टुडिओची इतर बांधकामं दिसणार. संगणकावर पार्श्वभूमी पुसण्याचे दिवस अजून आले नव्हते. मग केलं काय? रंगवलं.

याला मॅट पेंटिंग म्हणतात, आणि हे काम केलं अल्बर्ट व्हिटलॉकने. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मध्येही त्याची चित्रं होती, आणि सत्तरच्या दशकात ‘अर्थक्वेक’ व ‘द हिंडेनबर्ग’साठी त्याच्या कामाला ऑस्कर मिळालं होतं. त्याची पद्धत ऐकायला सोपी वाटते, करताना मात्र घाम फोडते. कॅमेरा जमिनीला खिळवल्यासारखा पक्का बसवायचा. दृश्यातला जो भाग नको आहे, तेवढ्यापुढे काळा अडसर लावायचा. मग नट चालतात, दार उघडतात, गाडी येते, ते सगळं चित्रित होतं, पण फिल्मचा अडसरामागचा भाग कोरा राहतो. ही फिल्म धुवायची नाही. तिचा लहानसा तुकडा तेवढा चाचणीसाठी धुवून बघायचा, बाकीची अंधारात सांभाळून ठेवायची. मग चित्रकार बसतो आणि कोऱ्या राहिलेल्या जागी काय हवं ते रंगवतो: आकाश, माळरान, घराची उरलेली बाजू. शेवटी तीच न धुतलेली फिल्म पुन्हा कॅमेऱ्यात घालायची, या वेळी आधी चित्रित झालेला भाग झाकायचा आणि कोऱ्या भागावर चित्र टिपायचं. दोन्ही अर्धुकं एकाच निगेटिव्हवर येतात, नकलेची नक्कल होत नाही, म्हणून सांधा दिसत नाही. जोखीम अशी की दुसऱ्या वेळी कॅमेरा केसभर हलला तर नटांचं मूळ कामही वाया. त्याला दुसरी प्रत नसते.

व्हिटलॉकची चित्रं जवळून पाहिली तर बारीक कोरीव नसत, ब्रशचे ढोबळ फटकारेच दिसत. तो प्रकाश रंगवायचा. ढगातून उतरणारं ऊन, धुरकट क्षितिज एवढं बरोबर आलं की खिडकीच्या गजांची मोजणी कोणी करत नाही. ‘सायको २’मधलं जे उदास आकाश आपल्याला खरं वाटतं, त्यातला कितीतरी भाग असा एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातून उतरलेला आहे.

जाता जाता: चित्रपटातलं फेअरव्हेल गाव म्हणजे युनिव्हर्सलच्याच आवारातला कोर्टहाउस चौक. १९८५च्या ‘बॅक टू द फ्युचर’मध्ये घड्याळाचा मनोरा आणि खालचा चौक दिसतो तो हाच, आणि तिथेही कॅमेऱ्यामागे डीन कंडीच.

आता गोष्टीकडे येऊ. मधला एक भेद मी उघड करणार आहे, शेवट नाही. २२ वर्षांनी न्यायालय नॉर्मनला बरा ठरवतं. घरी येऊन तो एका खानावळीत मदतनीस म्हणून लागतो. तिथे मेरी नावाची मुलगी काम करते, तिला राहायला जागा नसते, तो तिला घरी आसरा देतो. मग घरात आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या सापडू लागतात, आईचे फोन येऊ लागतात. चित्रपट सुरू होतो तो १९६०च्या न्हाणीघराच्या मूळ कृष्णधवल दृश्याने. ते संपतं, रात्रीचं काळंपांढरं घर दिसतं आणि त्याच घरावर हळूहळू रंग चढतो. ही युक्ती साधी वाटते, पण तिने दोन कामं होतात. ज्यांनी पहिला भाग पाहिला नव्हता त्यांना नॉर्मनने काय केलंय ते कळतं. ज्यांनी पाहिला होता, त्यांचा संशय जागा होतो. पुढचा तासभर समोर दिसतो तो चाचरत बोलणारा, घाबरलेला, पन्नाशीचा भला माणूस. पहिल्या चित्रपटाच्या वेळी पर्किन्स सत्तावीस-अठ्ठावीसचा होता, या वेळी पन्नाशीला टेकलेला. ते वय खरं आहे, मेकअपने आणलेलं नाही. तो स्वयंपाकघरात सुऱ्यांच्या खणापाशी घुटमळला तरी आपल्या अंगावर काटा येतो. त्याने अजून काही केलेलं नसतं. काटा आणतो तो आपल्या डोक्यातला १९६०.

मेरी आपलं आडनाव सॅम्युअल्स सांगते. १९६०च्या चित्रपटात मॅरियनने मोटेलच्या नोंदवहीत खोटं नाव लिहिलं होतं, मारी सॅम्युअल्स, म्हणजे जवळजवळ हेच. जुन्या चित्रपटाचा पक्का चाहता असेल तर तो इथेच सावध होतो, कारण हे नाव सहज कोणी घेणार नाही. मेरी असते मॅरियनच्या बहिणीची, लायलाची मुलगी. लायलाचं लग्न सॅम लूमिसशी झालेलं. चिठ्ठ्या आणि फोन या मायलेकींचे, नॉर्मनला पुन्हा वेडाकडे ढकलून परत इस्पितळात पाठवण्यासाठी. लायलाच्या भूमिकेत व्हेरा माइल्सच, १९६०मधलीच. खलनायक आणि बळी यांची अशी अदलाबदल स्लॅशर प्रकारात फारशी होत नाही, आणि मला हा भाग आवडण्याचं मुख्य कारण तेच. भीती वाटते ती नॉर्मनची नव्हे, नॉर्मनसाठी.

काकांना पहिला भागही दाखवला होता. आईचं रहस्य फुटल्यावर ते एवढंच म्हणाले, “म्हंजे स्त्रीपार्टी! माका खांदे बघूनच कळलेला.” दशावतारात पुरुषच द्रौपदी होतो, प्रेक्षकाला ते ठाऊक असतं, पुराणातली गोष्टही ठाऊक असते, आणि तरी पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. आज हा नट त्या ठाऊक गोष्टीत काय करतो, ते बघायचं असतं. ‘सायको २’चा प्रेक्षक नेमका त्या जागी बसलेला आहे.

पण खांद्यांच्या बाबतीत काकांना हिचकॉकने चकवलं होतं. न्हाणीघरातला खून चित्रित होत होता तेव्हा पर्किन्स तिथे नव्हताच. तो न्यूयॉर्कला नाटकाच्या तालमीत होता. न्हाणीघराच्या पडद्यामागची ती आकृती मार्गो एपर नावाच्या स्टंटबाईची. आईचा आवाज तर तीन जणांच्या आवाजांतून जोडलेला, एक पुरुष आणि दोन बायका. त्यांतल्या व्हर्जिनिया ग्रेगने दुसऱ्या भागातही आईचा आवाज दिला. नाव कुठे झळकलं नाही, पण कान ओळखतात.

रक्ताबद्दल लोक हमखास विचारतात, तर तेही सांगतो. १९६०चं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. कृष्णधवल फिल्मवर रंग नसतो, फक्त गडद आणि फिकट असतं. सिरप पुरेसं गडद आणि योग्य तेवढं दाट. सुरा घुसण्याचा आवाज कलिंगडाच्या कुळातल्या एका फळात, कसाबा खरबुजात, सुरा खुपसून काढला होता. पाऊण मिनिटाच्या त्या खुनाला आठवडाभर चित्रीकरण लागलं, १९५९च्या नाताळाच्या तोंडावर. रंगीत चित्रपटात सिरप चालत नाही. तिथे साधारणपणे मक्याचा चिकट पाक घेतात, त्यात लाल रंग आणि किंचित पिवळा, नाहीतर दिव्याच्या उजेडात रक्त गुलाबी दिसतं. आमच्याकडच्या हौशी लघुपटवाल्या पोरांनी कोकमाचं आगळ वापरून बघितलंय. पडद्यावर ते जांभळट दिसतं आणि पातळ असल्याने ओघळून जातं. सोलकढीलाच बरं ते.

सुऱ्याचे प्रकार तीन-चार. मुठीत मागे सरकणारं पातं, रबरी पातं, अंगाला चिकटवलेला अर्धा सुरा, आणि पात्यामागून बारीक नळी नेऊन रक्त सोडणारा. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे उलट चित्रीकरण: टोक अंगाला टेकवून सुरा मागे ओढायचा आणि फिल्म उलटी चालवायची. दुसऱ्या भागात तळघरातला एक खून असा आहे की तो पाहून प्रेक्षक तोंडावर हात ठेवतात. हिचकॉकने असं थेट दाखवलं नसतं. पण १९८३चा प्रेक्षक ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ पचवून आलेला होता. तो खून मला चित्रपटातला सगळ्यात आगाऊ भाग वाटतो, बाकी संयमाशी तो जुळत नाही.

संगीतात मात्र फ्रँकलिनने शहाणपणा केला. १९६० साली न्हाणीघराच्या दृश्याला संगीतच नको, असं हिचकॉकचं म्हणणं होतं. बर्नार्ड हरमनने तरी व्हायोलिनांचं ते किंचाळणं लिहिलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. संपूर्ण चित्रपटात नुसती तंतुवाद्यं. पुढे सगळ्या स्लॅशरवाल्यांनी त्या किंकाळीची नक्कल करून तिचा चोथा केला. दुसऱ्या भागाला संगीत दिलं जेरी गोल्डस्मिथने, आणि त्याने नॉर्मनला दिली पियानोवरची हळवी, एकाकी चाल. मूळ किंकाळी फक्त सुरुवातीच्या जुन्या दृश्यात ऐकू येते. तिथून पुढे आपण ती येईल येईल म्हणून कान टवकारून बसतो.

सुमारे ५० लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत साडेतीन कोटींच्या जवळपास कमावले, तेही ‘स्टार वॉर्स’चा तिसरा भाग ऐन भरात असताना. समीक्षक दोन्हीकडे झुकले. म्हणजे तो पडला नव्हता, फक्त पहिल्याच्या सावलीत राहिला.

सावलीवरून आठवलं. पुन्हा बघाल तर नॉर्मन आणि मेरी आईच्या अंधाऱ्या खोलीत शिरतात तिथे थांबवून बघा. दिवा लागण्याआधी भिंतीवर हिचकॉकच्या ओळखीच्या गोल आकृतीची सावली आहे. हिचकॉक आपल्या बहुतेक चित्रपटांत क्षणभर दिसायचा, तो मान फ्रँकलिनने त्याला मरणानंतरही दिला. आणि लहानपणच्या नॉर्मनची झलक दिसते, तो मुलगा पर्किन्सचा खरा मुलगा ओझ. तो आज स्वतः भयपट दिग्दर्शित करतो, २०२४चा ‘लाँगलेग्ज’ त्याचाच.

तिसरा भाग १९८६ साली खुद्द पर्किन्सने दिग्दर्शित केला. तो दुसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी सुरू होतो आणि दुसऱ्याचा शेवट लवकरच फोडून टाकतो, तेव्हा क्रम चुकवू नका.